पानिपतची माफी

बीएला मी इतिहास आणि इंग्रजी साहित्य घेतलं होतं. लखनौच्या त्या वर्गात मराठी मी एकटाच. पानिपत शिकवताना इतिहासाचे सर अडखळले, कारण अवधचे नवाब अफगाणांच्या बाजूनं लढले होते. माझ्याकडे वळून ते अदबीनं म्हणाले, "माफ़ कीजिएगा, हम उधर थे." सगळा वर्ग माझ्याकडे असा बघू लागला, जणू आमच्या घरी कालच कुणी गेलं होतं.

मला चेव आला. परीक्षेत पराभवाची कारणं विचारली होती. मी साहित्याच्या तासाला शिकलेली शोकांतिका लिहिली. नायक, नियती, मावळता सूर्य. कारण एकही नाही.

पेपर परत देताना सरांचे डोळे पाणावले होते. "बहुत ख़ूब," म्हणत त्यांनी मला नापासाचे गुण दाखवले. "माफ़ कीजिएगा, हम इस बार भी उधर ही हैं."