पडवळ होडी आणि खाडीतल्या निवट्या

सासुरवाडीला जाताना लोक पेढे नेतात, फळांची करंडी नेतात. मी होडी घेऊन निघालो. धक्क्यावरच्या हमालानं ती डोक्यावर घेतली, दोन पावलं चालला आणि थांबून म्हणाला, "साहेब, बोट तर पुढं उभी हाये. मग ही कशापायी?" ज्याला स्वतःची होडी नाही त्याला काय सांगायचं!

ही होडी मी स्वतः केली होती. कचेरीत मी नकाशे काढतो. एका विलायती मासिकात उत्तर ध्रुवाकडच्या लोकांच्या कातडी होडीचं चित्र पाहिलं. तिला ते कयाक म्हणतात. लांबट, अरुंद, वरून झाकलेली, मधे एका माणसापुरतं भोक. चित्र पाहिल्यापासून मला झोप नाही. वेताच्या कांबी बांधल्या, त्यांवर कॅनव्हास ताणला, वर डांबर फासलं. चाळीची गच्ची महिनाभर डांबरानं घमघमत होती आणि शेजाऱ्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. म्हटलं, हिवाळ्यात खाडीचं पाणी कसं शांत असतं. या कयाकमधून गळ टाकायचा आणि जिताडा काढायचा. जिताडा म्हणजे आमच्या कुलाबा जिल्ह्याकडच्या खाड्यांचा राजाच.

हौस होती, पण केवळ हौस नव्हती. माझी बायको सुमती बाळंतपणासाठी माहेरी होती. आदल्या वर्षी आमचं पहिलं मूल पोटातच गेलं. आता पुन्हा दिवस राहिले होते आणि सासऱ्यांचं पत्र आलं होतं की सुमतीची अन्नावरची वासनाच उडाली आहे, घास तोंडात नेते आणि परत ठेवते, वैद्यबुवा काळजीत आहेत. मी लगेच रजा मागितली. आणि बेत आखत बसलो. बेत आखला की मला धीर येतो. तिला माहेरचा ताजा मासा खायला घालायचा, एवढं ठरवलं आणि पंचांग उघडलं.

खाडीकाठी भरतीची वेळ घड्याळानं नाही, तिथीनं काढतात. तिथीचा पाऊणपट केला की भरतीचा ठोका मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हे गणित मला चोख येत होतं. अडचण वेगळीच होती. मासे केव्हा मारायचे हे समुद्र ठरवतो, पण ते केव्हा खायचे हे आमच्या सासूबाई ठरवतात. सोमवार शंकराचा, गुरुवार मार्गशीर्षातल्या लक्ष्मीचा, शनिवार मारुतीचा, शिवाय चतुर्थी, एकादशी, प्रदोष. त्यात यंदा त्यांनी दत्ताला नवस बोलून अष्टमीनंतर पौर्णिमेपर्यंत पारायण धरलं होतं. नवस सुमतीसाठीच होता. त्या दिवसांत घरात माशाचं नाव नाही. सगळे दिवस वजा करता माझ्या रजेत अष्टमी तेवढी शिल्लक राहिली. मी खूश झालो. अष्टमीवर लाल पेन्सिलीनं खूण केली.

सासुरवाडीसाठी दिघीला उतरायचं, पण तिथे बोट बंदराला लागत नाही; पडावात (मोठ्या होडीत) उतरून किनारा गाठावा लागतो. माझी होडी पडावात चढवताना उतारूंची जी करमणूक झाली तिची फी मी घ्यायला हवी होती. पुढे संस्थानच्या जकातनाक्यावर कारकुनाला प्रश्न पडला की हिला जहाज म्हणावं की सामान. त्यानं तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, आत वाकून पाहिलं आणि शेवटी "वेताची टोपली, मोठी" असं लिहून मला सोडलं. मी फार दुखावलो.

सासऱ्यांचे स्नेही हसनभाई स्वतःची होडी घेऊन मला न्यायला आले होते. पिढ्यान्पिढ्या खाडीतून नारळ-सुपारीचा व्यापार करणारं त्यांचं घर. भरतीबरोबर आम्ही म्हसळ्याच्या दिशेनं आत शिरलो. माझी कयाक मागे दोरीला बांधून तरंगत येत होती. दोन्ही काठांना तिवरांची गर्द झाडी, मधून एखादी भातखाचरांची मोकळी पट्टी, पलीकडे निळसर डोंगर. ऊन कोवळं होतं. हसनभाईंनी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी पुढे केली. ती खाताना मुंबई, कचेरी, साहेब सगळं विसरलो.

"खरं सांगा हसनभाई, सुमती कशी आहे?" मी विचारलं.

त्यांनी सुकाणूवरचा हात काढला नाही. "जावईबापू, खोटं कशाला बोलू? सुकलीय. आमच्या घरातून शिरखुर्मा धाडला, तोही परत आला. पण अल्ला मेहेरबान आहे. तुम्ही आलात, आता खाईल."

सुमतीला पाहिलं. गालांची हाडं वर आली होती. माझी होडी पाहून मात्र ती हसली, आणि ते हसू पाहून मी मनात म्हटलं, डांबराचे पैसे वसूल.

अष्टमीला दुपारच्या ओहोटीला मी कयाक खाडीत लोटली. काठावर निम्मा गाव जमला होता. त्यात ठमाबाई कोळीण कमरेवर हात ठेवून उभी होती. खाडीतल्या चिखलात हात घालून मासे काढण्यात तिचा जन्म गेला होता आणि सुमती लहानपणापासून तिच्या पाटीतलं खात आली होती.

"जावईबापू, ही होडी हाय का पडवळ?" ती ओरडली.

त्या क्षणापासून माझ्या कयाकचं नाव पडवळ पडलं. पण पडवळ तरंगलं! वल्ह्याच्या एका फटकाऱ्यात ते असं सुळकन पुढे जाई की मला लहान मुलासारखं ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडलोही. जिताड्यानं मात्र ढुंकून पाहिलं नाही. पुष्कळ वेळानं एक शिंगाळा लागला. गळ सोडवताना त्यानं काटा अंगठ्यात असा रुतवला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तरी विजयी वीरासारखा घरी आलो. सासूबाईंनी कालवण केलं, सुमतीपुढे ताट ठेवलं. वास येताच ती पदर तोंडाला लावून उठली आणि परसदारी गेली. ताट तसंच राहिलं. रात्री माझा अंगठा ठणकत होता, पण झोप उडाली ती त्यामुळे नव्हे.

दुसऱ्या दिवशी पारायण सुरू झालं. सासूबाई सोवळ्यात पोथीपुढे बसत, आणि वाचताना मधेच मान वळवून लेकीकडे पाहत. सुमती दूध प्यायची ते औषधासारखं. "सगळं मातीसारखं लागतं," म्हणायची. एका दुपारी वाडीत सुपारीच्या सावलीत आम्ही दोघंच बसलो होतो.

"तुला खरंच काही खावंसं वाटत नाही?" मी विचारलं.

"वाटतं एक. पण सांगून काय उपयोग? आईचं पारायण आहे."

"सांग तर."

तिनं खाली पाहिलं. "निवट्या. ठमाबाई आणायची तशा. लसूण आणि आमसूल घातलेल्या."

मी कपाळावर हात मारला. मी मुंबईहून होडी बांधून राजाला पकडायला आलो होतो आणि राणीला हव्या होत्या चिखलात उड्या मारणाऱ्या, बोटाएवढ्या मासोळ्या! तसाच ठमाबाईकडे गेलो.

"आत्ता न्हाय घावायच्या," ती म्हणाली. "भांगाचं पानी हाय. चिखल उघडाच पडत न्हाय. पुनवेच्या उधानाला सुकती आली का पार पल्याडचा भाट मोकळा होतो, तवा."

अष्टमीच्या आसपासच्या मंद पाण्याला भांग आणि ओहोटीला सुकती म्हणतात हे मला ठाऊक होतं. घरच्या उपासतापासांतून मी नेमका तोच मुहूर्त निवडला होता! आमच्यासारख्या घरांतून मासे खाणारा माणूस पंचांग पाहूनच चुकायचा. आणि पौर्णिमेला तर दत्तजयंती, पारायणाची समाप्ती. दुसऱ्या दिवशी माझी परतीची बोट.

मी सासूबाईंपाशी गेलो आणि सरळ विचारलं, "पौर्णिमेला मी निवट्या आणल्या तर? घरात नको. ठमाबाईच्या झोपडीत शिजवू."

त्यांनी हातातली समई खाली ठेवली. "नवस हिच्यासाठीच बोललेय हो मी," त्या म्हणाल्या. "एक गेलं. आता देवाला दुखवून कसं चालेल?" आणि त्या पोथीपुढे जाऊन बसल्या. मला रागही आला होता आणि त्यांच्या डोळ्यांतली भीती पाहून वाईटही वाटत होतं. पण जायचं हे माझं ठरलं होतं.

पौर्णिमेला फटफटायच्या बऱ्याच आधी निघालो तेव्हा चंद्र डोंगराकडे उतरत होता. गारठा असा की वल्हं धरवेना. पाणी झपाट्यानं ओसरत होतं. पलीकडचा भाट, म्हणजे ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची पट्टी, गावापासून दूर. हसनभाईंची जड होडी तिथे नेली तर भरती येईतो रुतून बसली असती. पडवळ मात्र वीतभर पाण्यातून गेलं, आणि पाणी संपलं तेव्हा मी उतरून ते चिखलावरून ओढलं. ठमाबाई वरच्या अंगानं तिवरांतून चालत आली होती. "पडवळ कामाचं हाय की!" ती म्हणाली. मला कचेरीत बढती मिळाली तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.

मग पायी. पहिल्याच पावलाला गुडघ्यापर्यंत गेलो, दुसऱ्याला बसलो, तिसऱ्याला आडवा झालो. चिखलात निवट्या टुणटुण उड्या मारत होत्या. मी जिच्यावर झडप घाली ती माझ्या नाकावर चिखल उडवून बिळात जाई. ठमाबाई बिळात हात घाली आणि सहज काढी. हळूहळू मलाही जमलं. बोटांत ती गिळगिळीत वळवळ पहिल्यांदा घट्ट आली तेव्हा मी चिखलात बसूनच हसत सुटलो. भरतीचं पाणी पायाला लागलं तेव्हा टोपली बरीच भरली होती. ठमाबाई आली तशी तिवरांतून निघून गेली. मी टोपली कयाकमध्ये घेतली आणि भरतीबरोबर परतलो.

टोपली हातात घेऊनच, सुमतीला ठमाबाईकडे न्यायला म्हणून मागच्या वाडीतून शिरलो आणि थबकलो. सुपारीखाली तीन दगडांची चूल मांडलेली, जाळ पेटलेला, जवळ नवं मडकं. सासूबाई पदर खोचून उभ्या होत्या.

"असे पाहता काय? आणा इकडे," त्या म्हणाल्या. "आणि त्या चिखलानं घरात जाऊ नका."

"पण आई, नवस?"

"देव रागावला तर माझ्यावर रागावेल. माझा उपास आहे, माझं पारायण पुरं झालंय. हिला जेवू दे."

त्यांनी निवट्यांना राख चोळली, धुतल्या, लसूण ठेचली, आमसुलं टाकली. त्यांचे ओठ सारखे हलत होते. नामस्मरण चाललं होतं. सुमती झाडाला टेकून बसली. केळीच्या पानावर भात आणि निवट्या वाढल्या. आम्ही सगळे दुसरीकडे पाहत असल्याचं ढोंग करत होतो. तिनं एक घास घेतला. मग दुसरा. मग कपाळाला आठी घातली.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, मीठ कमी पडलंय."

उपास म्हणून सासूबाईंनी चव घेतली नव्हती. त्या क्षणभर लेकीकडे पाहत राहिल्या आणि एकदम ओल्या डोळ्यांनी हसायला लागल्या. "ऐकलंत?" त्या मला म्हणाल्या, "हिला मीठ कमी लागलं! हिला चव आली!" मीठ आणायला त्या वाडीतून धावत गेल्या. सुमतीनं भात दोनदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी निघताना ती सकाळीच पेज प्यायली होती. पडवळ मी ठमाबाईकडे ठेवलं. बोटीवर शेजारी एक सद्गृहस्थ बसले होते. माझ्या हातातला गळ पाहून त्यांनी विचारलं, "काय, लागला का एखादा जिताडा?"

"नाही. निवट्या मिळाल्या."

"अरेरे!" ते कळवळून म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्या डब्यातला लाडू माझ्यापुढे केला. मी तो घेतला. त्यांचा गैरसमज दूर करायला गेलो असतो तर मला भर बोटीत रडू आलं असतं, इतका मी सुखात होतो.