उतारावरची पेठ

शाळेच्या स्मरणिकेसाठी गावाचा इतिहास लिहून द्या, असा मुख्याध्यापकांचा फोन आला तेव्हा मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती आणि यजमान जाऊन तीन. "दोन पानं पुरेत, बाई," ते म्हणाले. ते दोन पानांचं काम मी दोन महिने पुरवलं.

मी मूळची शेळगावची. नोकरीच्या निमित्तानं सांगवीच्या खालच्या अंगाला, नीरेकाठच्या या गावात आले आणि इथलीच झाले. पूर्वी बारामतीकडून येणारा एक रस्ता या गावातून सरळ नदीत उतरायचा आणि पलीकडं फलटणच्या बाजूला निघायचा. पुढं पूल झाला तो बराच वर. रस्ताही तिकडं गेला. जुन्या वाटेचा बराचसा भाग आता उसात आहे. नदीकडच्या टोकाला मात्र दगडी जोत्यांची एक ओळ अजून दिसते. गाव तिला पेठ म्हणतं. तिथं दुकान एकही नाही. इतकी वर्षं मी त्याच गावात मुलांना इतिहास शिकवला, पण याला पेठ का म्हणतात, हे कधी कुणाला विचारलं नव्हतं.

विचारण्यासारखा माणूसही एकच उरला होता. नव्वदीच्या घरातला, पूर्वी नाव चालवणारा. पेठेच्या शेवटच्या जोत्यावर पत्र्याच्या खोलीत एकटा राहायचा. लेक पिंपळीला दिलेली; ती अधूनमधून येऊन भाकरी-कालवण ठेवून जायची.

"कोण हाय?" डोळ्यांवर हात धरून त्यांनी विचारलं.

"शाळेतल्या बाई, तात्या. गावाचा इतिहास लिहायचाय."

"गावाचा मला म्हाईत न्हाय. पेठंचा म्हाईत हाय."

काठी टेकत त्यांनी मला एकेक जोतं दाखवलं. इथं लोहार, इथं चहाचं हॉटेल, इथं बैलांचा कडबा विकणारा, पलीकडं वाणी. पावसाळ्यात नदी फुगली की गाड्या अलीकडंच थांबायच्या. पाणी ओसरलं की दोन नावा फळ्यांनी जोडून त्यावर गाडी चढवायची, बैल पोहत न्यायचे. कधी दोन दिवस मुक्काम, कधी आठ.

"अडकल्याल्या माणसाला सगळंच लागतं बघा," तात्या म्हणाले. "नदी अडवायची म्हणून पेठ चालायची."

मी रोज दुपारी जाऊ लागले. वही घेऊन त्यांच्या दारातल्या दगडावर बसायची. ते कधी बोलायचे, कधी नुसते नदीकडं बघत राहायचे. घरी जाण्याची घाई मला नव्हतीच.

पूल झाला त्याच वर्षी लोहार गेला, मग हॉटेल, मग वाणी. जाताना लोकांनी दारं, वासे, पत्रे काढून नेले. जोती तेवढी राहिली.

"आणि तुम्ही?"

"मी कुठं जाऊ? नाव हितं हुती."

ते तीन पावसाळे नाव पाण्यात घालून बसले. गिऱ्हाईक एकच. पलीकडच्या काठावरची एक बाई, मेंढरं राखणाऱ्या घरातली. घोंगड्यांसाठी कातलेल्या सुताचं गाठोडं घेऊन ती दर बाजारच्या दिवशी यायची आणि संध्याकाळी परत जायची. तिच्या वस्तीवरून पुलावरची यष्टी मिळत होती, तरी ती नावेनंच यायची.

"का यायची?"

"मी इचारलं न्हाय. तिनं सांगितलं न्हाय."

"काही बोलायची?"

"पाणी वाढलंय म्हणायची. न्हायतर कमी झालंय म्हणायची." ते पुढं म्हणाले, "चौथ्या साली आली न्हाय. मी दिवाळीपतूर वाट बघितली. मग नाव वर वढली."

मी लिहीत होते. त्यांनी काठीचं टोक माझ्या वहीवर ठेवलं.

"ह्ये लिवू नका, बाई. लोक येगळं समजत्यात."

मी त्या ओळी खोडल्या.

स्मरणिका छापून आली. माझ्या दोन पानांच्या आठ ओळी झाल्या होत्या, वर आणि खाली जाहिराती. तात्यांना वाचून दाखवल्या.

"पेठंचं आलं न्हवं?"

"आलं. दीड ओळ."

"बास हाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुमचं लिवून झालं न्हवं?"

"झालं."

"मग?"

एक-दोन गोष्टी विचारायच्या राहिल्यात, असं काहीतरी मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि दगडावरची माती हातानं झाडून मला जागा करून दिली. मग आम्ही बसलो. मी काही विचारलं नाही.

थंडीत ते खोलीत घसरून पडले आणि लेक त्यांना पिंपळीला घेऊन गेली. टेम्पोत बसवताना त्यांनी मला जवळ बोलावलं. "त्या बाईचं आता लिवा," ते म्हणाले. "आता समजाया कोण हाय?"

मी एकदा भेटायला गेले. घर भरलेलं होतं, लेकीच्या सुना कामात, टीव्ही चालू. तात्या ओसरीवर खाटेवर होते. "लई माणसं हायती हितं," ते म्हणाले, "सगळी जीव लावत्यात. पर पेठ कुणालाच ठाव न्हाय." परतीच्या यष्टीची वेळ होईपर्यंत मी त्यांच्याजवळ बसले. कडबा विकणाऱ्याचं जोतं लोहाराच्या आधी की नंतर, यावर थोडं बोलणं झालं.

शिमग्याच्या सुमारास ते गेले. मला कळलं तेव्हा दहावाही होऊन गेला होता. त्या आठवड्यात मी सगळं पुन्हा लिहून काढलं, खोडलेल्या ओळींसकट. कुणी मागितलं नव्हतं.

माझी मुलगी हैदराबादला असते, रविवारी फोन करते. तिला मी ते वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "आई, त्या सूतवाल्या बाईचं नाव काय होतं?"

मी तात्यांना ते विचारलंच नव्हतं.