छगनच्या फळ्यावरचे पाच खिळे

गुजरातेतल्या कोसाडच्या वसाहतीत छगनच्या तोंडून ‘नाही’ ऐकलेला माणूस अजून सापडायचा आहे. त्याची बायको सरलाबाई तर भर पंगतीत सांगते, की याला आधी दुसरीच मुलगी दाखवली होती आणि तिलाही हा ‘हो’ म्हणून बसला होता. त्या पोरीच्या बापालाच सुबुद्धी झाली, म्हणून हे ध्यान आपल्या वाट्याला आलं. एकदा फोनवर कुणा परक्यानं चुकून विचारलं, “कमलेशभाई, कल आओगे न?” तर हा म्हणाला, “हां हां, आऊंगा.” आणि मग दिवसभर कपाळाला हात लावून बसला, की आता जायचं कुठे.

माणूस मुळात भला. त्यात गुजराती अशी फर्मास बोलतो की कचेरीतला साहेब आपणहून खुर्ची देतो. इथेच घात झाला. खानदेशातून पोटामागे आलेली त्याच्या मजल्यावरची मंडळी आपसात अहिराणीतून एकमेकांची सालटी काढतील, पण कचेरीच्या खिडकीपुढे उभी राहिली की जीभ टाळूला चिकटते. मग कुणाचं लाइटबिल असो, कुणाच्या सुनेचं आधारकार्ड असो, चला छगनभाऊकडे. पलसाण्याच्या डाइंग मिलची बस त्याला नाक्यावर सोडते न सोडते, तोच जिन्यात दोघे-तिघे टपलेले असतात.

या सगळ्यात राहून गेली ती सरलाबाईची आखाजी. अक्षय्य तृतीयेला खानदेशातली सासुरवाशीण माहेरी जाते. निंबाला झोका बांधतात, गाणी होतात, पुरणपोळी नि आमरस होतो. पण मनात आलं नि निघालं, असं चालत नाही. भाऊ मुऱ्हाळी होऊन न्यायला येतो, तेव्हा जायचं. सरलाबाईला भाऊच नाही. लग्नात तिची माय यावरून रडायला लागली, तेव्हा बाशिंग बांधलेला छगन बोलून गेला, “रडू नका. आखाजीले मीच मुऱ्हाळी व्हसू.” अख्खा मांडव हसला होता. पहिली काही वर्षं त्यानं ते निभावलंही. पुढे दर आखाजीला कुणाचं तरी काम आडवं येत गेलं.

यंदा होळीनंतर मायचा फोन आला. तिला आता धड दिसत नाही. म्हणाली, “यंदा ये वं बाई. पुढला साल मी ऱ्हासू का नही.” सरलाबाईनं फोन खाली ठेवला आणि पुन्हा मजुरीवर आणलेल्या साडीवर टिकल्या चिकटवायला बसली. टिकल्या वेड्यावाकड्या बसत होत्या, ते लेकीच्या नजरेतून सुटलं नाही.

लेक गायत्री कतारगामला साड्या ऑनलाइन विकणाऱ्या एका हापिसात आहे. तिथं भिंतीवर रंगीत चिठ्ठ्यांचा फळा असतो. तसाच फळा तिनं घरी केला. जुन्या खाटेची प्लाय, तिच्यावर तीन रकाने: करायचं, चालू, झालं. चिठ्ठ्यांऐवजी बापाच्या मिलमधले रंगीत कापडाचे तुकडे, एका कामाला एक रंग. ‘चालू’मध्ये खिळे फक्त पाच. पाच भरले की सहावं काम घ्यायचं नाही.

“तमे नहीं पप्पा,” ती म्हणाली, “हवे बोर्ड ना पाडशे!” म्हणजे नकार तुम्ही द्यायचाच नाही, फळा देईल.

छगनला हे इतकं पटलं की त्यानं फळ्याला उदबत्ती ओवाळली. आखाजीसाठी चांगला वांगी रंगाचा तुकडा निवडून त्यानं ‘चालू’च्या पहिल्या खिळ्यावर लावला.

“रंग तं बेस शे,” सरलाबाई म्हणाली. तिच्या तोंडून नवऱ्याचं एवढं कौतुक याआधी कधी निघालं होतं, ते शेजाऱ्यांनाही आठवत नाही.

चूक एकच झाली. खोलीत फ्रीज, कपाट आणि देव यांच्यातून भिंत उरली नव्हती, म्हणून फळा बाहेर गॅलरीत लागला.

पहिला आठवडा मोठा सुखाचा गेला. समोरचा लोटू काम घेऊन आला, छगननं नुसतं फळ्याकडे बोट केलं, आणि लोटू चक्क परत गेला. त्या दिवशी छगन एक भाकरी जास्त जेवला.

पण मजला काही आंधळा नव्हता. पलीकडच्या शोभाबाईला गोम आधी कळली: खिळा मिळाला की काम झालंच! मग ती दूधवाल्याच्याही आधी फळ्यापाशी हजर. हळूहळू लोक आपसात खिळे बदलून घ्यायला लागले, वाटीभर पापडांवर सौदे ठरले. शेजारच्या म्हाताऱ्या बन्सीलालबापूंनी तर फळ्याखाली प्लास्टिकची खुर्चीच टाकली. आणि कुणाच्या घरात काय शिजतंय, ते आयतं भिंतीवर! शोभाबाईचा हिरवा तुकडा म्हणजे सुनेचं नाव रेशनकार्डातून काढणं, हे सुनेला फळ्यावरूनच कळलं. दोन दिवस त्या घरात भांडी आपटत होती आणि गॅलरीतल्या बायकांना टीव्ही लावायची गरज पडली नाही.

आता खिळे पाच आणि माणसं मजलाभर. छगननं लोटूचा तुकडा हलवला तर लोटू रुसे, शोभाबाईचा हलवला तर ती गॅलरी डोक्यावर घेई. एका वांगी तुकड्यासाठी मात्र कुणी भांडत नव्हतं.

“दोनच दिवस मागे ठेवतो,” तो चोरट्यासारखा म्हणाला. “आखाजीले टाइम शे अजून. शे ना?”

“शे ना,” सरलाबाई म्हणाली आणि टिकली चिकटवली.

त्या तुकड्याच्या मग अशा येरझाऱ्या सुरू झाल्या की त्याचे दोरे सुटले. गायत्री चिडली. “फरी पाछुं? पप्पा, परत मम्मीचंच मागे? राहू दे, मीच नेते तिला.”

“पोरगी कधी मायनी मुऱ्हाळी व्हस का?” सरलाबाई हसली. “गाव हसी माले.”

लेकीचा घुस्सा छगनच्या जिव्हारी लागला. त्यानं मिलमध्ये सुटी मागितली, आणि आश्चर्य म्हणजे मिळाली. दुपारच्या गाडीनं निघायचं, दुसऱ्या दिवशी आखाजी. वांगी तुकडा पहिल्या खिळ्यावर परत आला. सरलाबाईनं मायसाठी मऊ सुती लुगडं घेतलं, पिशवी भरून दाराशी ठेवली.

त्या सकाळी लोटू धावत आला. “छगनभाऊ, मीटर काढी लई गयात! घरमा तान्हं पोर, पंखा बंद. तासाभरनं काम शे, चला ना!”

छगननं सरलाबाईकडे पाहिलं. सरलाबाईनं पिशवीकडे पाहिलं. वैशाखाचं ऊन सकाळीच गॅलरीत उतरलं होतं आणि लोटूच्या घरातून पोराचं रडणं ऐकू येत होतं.

“बरं,” छगन म्हणाला.

लोटू नियमाचा पक्का. त्यानं पहिल्या खिळ्यावरचा वांगी तुकडा उतरवला, आपला निळा लावला आणि उतरवलेला तुकडा दारात उभ्या सरलाबाईच्या हातात दिला. “वहिनी, जरा धरा.”

विजेच्या कचेरीत खिडकीवरचा माणूस जेवायला गेला. तो आला तर साहेब बाहेर गेलेला. साहेब आला तेव्हा भोवती इतकी माणसं जमलेली की छगनच्या फर्मास गुजरातीलाही कुणी खुर्ची दिली नाही. मीटर मिळाला, पण दुपारची गाडी तोवर तापी ओलांडून कुठल्या कुठे गेली होती. उद्या सकाळी निघू, असं स्वतःला समजावत तो दिवेलागणीला जिना चढला.

दाराशी पिशवी नव्हती. गेली की काय एकटी! फळ्याकडे पाहिलं तर वांगी तुकडा ‘झालं’मध्ये लटकत होता.

आतून भाकरी थापल्याचा आवाज आला.

“हे कोणी लावलं इथं?”

“मी,” सरलाबाई तव्यावरची नजर न काढता म्हणाली. “व्हयी गयं ते. मायसंगे बोलनू मी. सांगं तिले, यास्ले सुटी नही मियनी.”

“सुटी तर मिळाली होती...”

“मंग काय सांगू? खरं सांगू?” तिनं भाकरी उलटली. “माय बोलनी, झोका बांधी ठेयेल शे, शेजारनी पोर बसी. तुमले बोल नही लावा तिनी.”

बोल लावला असता तर बरं झालं असतं, असं छगनला वाटलं. तो गॅलरीत आला, वांगी तुकडा काढून हातात घेतला. पाचही खिळे भरलेले. एवढ्यात लोटू आला, छगनला मिठी मारली आणि पंखा फिरतोय म्हणाला. मग आपला निळा तुकडा काढला. कापड चांगलं आहे, पोराला टोपी होईल म्हणून खिशातही घातला. काम झालं की सगळेच तुकडा घरी न्यायचे.

पहिला खिळा मोकळा झाला! छगननं हात उचलला. सकाळची गाडी, दुपारपर्यंत गाव, मायचा झोका.

तो हात पोचेपर्यंत खिळ्यावर पिवळं कापड लागलं होतं. बन्सीलालबापू खुर्चीतून उठून काठी टेकत उभे होते.

“दोपारपाईन बसेल शे मी,” बापू म्हणाले. “सकायले डोळानं आपरेशन शे. पोरगाले पाळी शे मिलमा. डॉक्टर गुजरातीमा काय बोलस, माले काय समजस?”

गॅलरीभर दारं उघडी होती. शोभाबाई भाजी निवडायची थांबून पाहत होती. आत तवा चुरचुरायचा थांबला.

छगननं तोंड उघडलं. गायत्री सांगते, त्या वेळी पप्पांचे ओठ ‘ना’ म्हणायला वळले होते, मी डोळ्यांनी पाहिलं. पण त्या ओठांना कधी सवयच नव्हती.

“बरं, बापू,” तो म्हणाला.

बापूंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि भिंत चाचपत घरी गेले. छगन तुकडा घेऊन उभा राहिला. ‘करायचं’मध्ये एकावर एक तुकडे लटकलेले, तिथं टाचणीला जागा नव्हती. मोकळं होतं ते फक्त ‘झालं’. जिथं सरलाबाईनं लावला होता, तिथंच त्यानं तो आपल्या हातानं लावला. सुटलेला दोरा तोडला, हात धुतले आणि ताटावर येऊन बसला.

सरलाबाईनं ताटात भाकरी वाढली.

“भाजीले मीठ कमी शे का?” सरलाबाईनं विचारलं.

“हो.”

“का जास्ती शे?”

“हो,” छगन म्हणाला.