गार्डकाकांचा हिरवा झेंडा

१९९४, डिसेंबरातला एक रविवार, संध्याकाळ. हजर: गार्डकाका, काकू, आई, धाकटा भाऊ श्रीकांत आणि मी. गैरहजर: बाबा, कारण त्यांना "इंग्रजी रडगाणी" सोसत नसत. सोबत एक सतरंजी, पुरीभाजीचा डबा, फिरकीचा तांब्या आणि काकूच्या पिशवीत घडी घातलेला हिरवा झेंडा. ठिकाण सिकंदराबादेच्या रेल्वे वसाहतीतला हॉल. कार्यक्रम कंट्री म्युझिकचा.

गार्डकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. ते पॅसेंजर गाडीवर गार्ड होते आणि घरातही गार्डच होते. आम्ही लग्नाला निघालो तरी ते सगळ्यांच्या शेवटी दारात थांबत, डावीउजवीकडे बघत आणि "सगळे चढले?" असं विचारल्याशिवाय कुणाला आमची गल्ली ओलांडू देत नसत. मला लहानपणापासून याद्या करायची सवय, म्हणून ते मला 'टाइमटेबल' म्हणत.

"टाइमटेबल, तुझी आई कुठाय?"

"चप्पल शोधतेय."

"मग गाडी उभी."

त्यांचं एक वाक्य आमच्या घरात अजून चालतं. "ड्रायव्हरला गाव येताना दिसतं, गार्डाला जाताना." त्यांनी सगळी नोकरी शेवटच्या डब्यात काढली. हात हलवणारी पोरं, फाटकापाशी उभे बैल, फलाटावर एकटी राहिलेली बाई, हे सगळं त्यांना लहान लहान होत जाताना दिसलं. त्याचं त्यांना वाईट वाटे असं नाही. ते फक्त सांगत, आणि सांगताना मान किंचित मागं वळवत.

गाडीच्या दुसऱ्या टोकाला लेस्लीकाका असत. लालागुड्याच्या अँग्लो-इंडियन घरातले, इंजिन चालवणारे. दोघांच्या मध्ये अख्खी गाडी. प्रवासात त्यांचं बोलणं एवढंच: यांनी झेंडा दाखवायचा, त्यांनी शिट्टी द्यायची. खरं बोलणं मुक्कामाच्या खोलीत व्हायचं. काका खिचडी टाकत, लेस्लीकाका गिटार काढत. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांच्या या गाण्यांची गोडी काकांना तिथंच लागली. पुढं ते आबिड्सच्या बाजारातून कॅसेट आणू लागले आणि सुटीच्या दिवशी मटार सोलता सोलता आम्हांला गाण्यांचा अर्थ सांगू लागले. "आपल्या जात्यावरच्या ओव्याच की या. आपल्याकडं सासरी गेलेली गाते, त्यांच्याकडं गाडी चुकलेला."

काकूला इंग्रजी येत नव्हतं, पण तिची मतं ठाम असत. "माय आठवते म्हणून एवढा रडतोय, तर घरी का जात नाही हा?"

"भाडं नसेल."

"गिटार घ्यायला होतं की."

या हॉलमध्ये नाताळाच्या आधी वसाहतीतली मंडळी दरवर्षी कार्यक्रम करत. शेवटचं गाणं लेस्लीकाकांनी स्वतः बांधलेलं, आगगाडीचं. त्याची एक रीत होती. काका हॉलच्या मागच्या दारापाशी जाऊन उभे राहत, लेस्लीकाका माउथ ऑर्गनवर इंजिनाची शिट्टी देत, काका झेंडा दाखवत आणि मगच गाणं सुटे. गार्डानं हिरवा दाखवल्याशिवाय गाडी हलत नाही, तसंच. झेंडा मात्र ड्युटीवरचा नसे. "सरकारी झेंडा खेळायला नाही," असं म्हणून काकांनी पहिल्याच वर्षी काकूकडून दुसरा शिवून घेतला होता. तिच्या माहेरून आलेल्या हिरव्या खणाचा. काठ तसाच ठेवलेला.

त्या वर्षी शहरात रोज नवं काही येत होतं. आमच्या हिमायतनगरच्या घरी केबल आली, दुकानांत परदेशी शीतपेयांच्या बाटल्या आल्या. लेस्लीकाकांच्या घरी ऑस्ट्रेलियाची कागदपत्रं आली. मुलगी आधीच तिकडे पर्थला गेली होती. आता आईवडील कायमचे निघाले. एखाद्या गाडीचा नंबर बदलल्याचं सांगावं तसं काकांनी हे जेवताना सांगितलं आणि ताक मागितलं. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मात्र त्यांनी झेंड्याला स्वतः इस्त्री केली. आयुष्यात शर्टाला केली नव्हती.

हॉलमध्ये एका नव्या टीव्ही कंपनीच्या जाहिरातीचं फडकं लागलं होतं आणि खुर्च्यांच्या रांगा होत्या. आईला त्या दिसल्याच नाहीत. तिनं गणेशोत्सवातल्या कीर्तनाला बसतात तशी पहिल्या रांगेच्या पुढं, स्टेजला लागून सतरंजी अंथरली आणि आम्हांला ओळीनं बसवलं. मोठी टोपी घातलेला एक स्वयंसेवक वाकून म्हणाला, "आंटी, कुर्सियाँ हैं ना."

"नक्को बाबा," आई म्हणाली, "नीचेच अच्छा लगता."

थोड्या वेळानं फुलाफुलांचे झगे घातलेल्या दोन वयस्क बायका खुर्च्यांवरून उठून आमच्यात येऊन बसल्या. त्यांना पुऱ्या आवडल्या.

एरवी काका गाणं चालू असताना काकूच्या कानाशी अर्थ सांगत. त्या दिवशी ते स्टेजकडंच बघत राहिले.

"काय म्हणतोय हा?" काकूनं विचारलं.

"गाव सोडून चाललाय."

"मग?"

"मग काही नाही. चाललाय."

शेवटच्या गाण्याची वेळ झाली, तेव्हा काका झेंडा घेऊन मागच्या दाराशी गेले. लेस्लीकाकांनी माउथ ऑर्गनवर लांब शिट्टी दिली. सगळे सवयीनं मागं वळले. काका उभे होते, झेंडा गुंडाळलेलाच. पुन्हा शिट्टी झाली. लोकांना ती गंमत वाटली.

लेस्लीकाका माइकमध्ये म्हणाले, "क्या गार्डसाब, सिग्नल नहीं मिला?"

"लाइन क्लिअर नै है," काका तिथूनच म्हणाले.

हॉल हसला. लेस्लीकाका हसले नाहीत. त्यांनी गिटारच्या तारांवरचा हात काढला आणि ते थांबले. बघता बघता हसणं विरलं. 

काकू सतरंजीवरून उठली. चारचौघांत मोठ्यानं न बोलणारी बाई पदर सारखा करून खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं सरळ मागं चालत गेली. काकांना बरं वाटत नसेल असं समजून मी पाण्याचा तांब्या घेऊन तिच्या मागं गेले, म्हणून पुढचं मला ऐकू आलं.

"अहो, पोरगी तिकडं वाट बघत असेल त्यांची. भरलेली गाडी थांबवू नये."

"एकदा दाखवला की गेलाच की गं तो."

"मग जाऊ द्या. मी आहे ना डब्यात."

काकांनी तिच्याकडं बघितलं. मग झेंडा उलगडला आणि हात वर केला. गाणं सुटलं. गाडी सुटली की गार्डानं झेंडा खाली घ्यायचा असतो, पण काकांनी तो शेवटच्या ओळीपर्यंत वर धरून ठेवला. लेस्लीकाका सबंध गाणं सगळ्यांच्या डोक्यांवरून, त्या मागच्या दाराकडं बघत गायले. जन्मभर समोर बघून गाडी चालवलेला माणूस, त्या एका गाण्यापुरता मागं बघत चालवत होता.

संक्रांतीच्या आत ते दोघं पर्थला गेले. वर्षाकाठी एखादी कॅसेट आणि पत्र येई. एका पत्रात होतं की इथल्या गाड्यांना गार्डच नसतो, ड्रायव्हर एकटाच नेतो. काकांनी ते आम्हांला वाचून दाखवलं आणि म्हणाले, "मग मागं राहिलेल्यांकडं बघतं कोण?" त्यानंतर ते कधी त्या हॉलकडं फिरकले नाहीत. कॅसेट मात्र लागत, आणि काकूच्या शंकाही चालू राहिल्या.

चार वर्षांपूर्वी गार्डकाका गेले. जाण्याआधी दवाखान्यात त्यांनी मला एकच काम सांगितलं. "टाइमटेबल, झेंडा लेस्लीला पाठव. आता मी निघालोय, हिरवा त्यानं दाखवायचा. तुझ्याकडून राहायचं नाही."

माझ्याकडून कामं राहत नाहीत. जाड पाकीट आणलं आहे, लेस्लीकाकांच्या मुलीकडून पत्ता घेऊन वर लिहिलाही आहे. ते आता खुर्चीतून फारसे उठत नाहीत, असं तिनं कळवलंय, म्हणजे उशीर करून चालणार नाही हेही मला कळतं. हिमायतनगरच्या पोस्टात मी पाकीट घेऊन गेले आहे, रांगेत उभी राहिले आहे आणि परतही आले आहे. परवा काकूनं विचारलं, "पाठवलास का गं?" मी म्हटलं, "लाइन क्लिअर नाही." तिनं पाकिटातून झेंडा काढला. खणाच्या काठावरून तिनं बोट फिरवलं आणि झेंडा घडी करून माझ्या हातात परत दिला.

या आठवड्याची कामं: गॅसचा नंबर लावणे, काकूच्या डोळ्यांचं औषध, श्रीकांतच्या मुलीला वाढदिवसाचा फ्रॉक, झेंडा. पहिली तीन झाली.