पुकारा

निजामाच्या अमदानीत धाराशिवच्या कचेरीत पक्षकारांची नावं पुकारणारे आमचे शेजारी होते. पहाटे त्यांच्या पूजेची घंटा थांबली की कचेरीतल्याच आवाजात ते मुलाला उठवत. सारी गल्ली जागी व्हायची.

मुलाला दूर बंगालातल्या नामांकित विद्यापीठाचा, शिक्षणाचा खर्च भागवणारा वजिफा मिळाला. शेजारी माझ्याकडे आले.

"मास्तर, तिथं हजेरी न्हाय, धाक न्हाय. ज्याचं त्यानं शिकायचं म्हणं. ह्याला उठवंल कोण?"

"उद्या हाक मारू नका. बघा काय करतो."

दुसऱ्या दिवशी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. 

"जागाच होता वो. म्हणला, रोजच असतो. तुमाला हाक मारायला बरं वाटतं, म्हणून पडून ऱ्हातो. जाऊ द्या त्याला."

मुलगा गेला. पहाटे घंटा वाजायची, थांबायची. मग मीच अंथरुणात हाकेची वाट बघत पडून राहायचो.