सुभद्राचं दूध आमच्या कॅनमध्ये नको होतं

आज सकाळी वारली ती सुभद्रा माझ्या नवऱ्याच्या पोराची आई होती.

नात गावाच्या ग्रुपवर टाईप करता करता थांबली. "आजी, हे नको टाकू. आजोबांची इज्जत जाईल."

"असली तर जाईल. तू लिही."

दुष्काळाची सालं होती. सुभद्रा आमच्याच गल्लीतली विधवा, खडी फोडायला जायची. तिला दिवस गेले. पोरगं झालं, दत्ता. कान थेट आमच्या मालकांचे.

अख्ख्या गावाला दिसले. आमच्या घरात मात्र कुणाची नजर एवढी चांगली नव्हती.

मालक दूध डेअरीचे चेअरमन. गावानं ठरवलं, सुभद्राच्या म्हशीचं दूध सगळ्यांच्या कॅनमध्ये ओतायचं नाही. बाटतंय म्हणे!

पहिला हात मालकांनी वर केला.

त्या चैतात सोनारीच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला. त्यात गावातला मोठा माणूस, देवळात सगळ्यांच्या पुढं, आणि त्याच्यापायी वाळीत पडलेली एक बाई. काखेत तान्हं.

आम्ही बायका पदर ओले होईस्तोवर रडलो. दोरीच्या पलीकडं, पुरुषांत, मालक उपरण्यानं डोळे पुसत होते.

मध्येच रीळ तुटली. लाईट लागली.

मागं सुभद्रा बसलेली. मांडीवर दत्ता, ओट्यात शेंगा.

"रडा गं, रडा," ती म्हणाली. "पडद्यावरच्या बाईला म्हस न्हाय."

माझी जाऊ फणकारली, "सिनेमा येगळा, गाव येगळं!"

सगळ्या हसल्या. चेअरमनची बायको सगळ्यांत मोठ्यानं हसली. म्हणजे मी.

लाईट गेली. आम्ही परत रडायला बसलो.

दुसऱ्या दिवशी सुभद्रा किटली घेऊन डेअरीवर आली. मालक म्हणाले, "गावाचा निर्णय हाय, बाई. माझ्या हातात काय न्हाय."

बाई म्हणाले तिला! मी शेजारीच उभी. माझी किटली तेवढी पुढं सरकवली.

ती मागं वळली. परंड्याच्या रस्त्याला एक हॉटेल होतं, तिथं दूध घालून तिनं दत्ताला मोठा केला. रोज आमच्या दारावरूनच जायची. मी दार लोटून घ्यायची.

मालक गेले तेव्हा डेअरी बंद ठेवली होती. फोटोला अजून हार असतो.

आज दत्ता एकटा आहे. मी थोरल्याला म्हणाले, "ऊठ. भाऊ हाय तुझा. खांदा दे जा."

तो मघापासून चप्पल शोधतोय.

धाकट्याला एकाएकी कणकण आली.

म्हणून हे लिहायला लावलं. आता सगळा गाव वाचतोय. चप्पल सापडेल.

सुभद्रा, भावपूर्ण बिवपूर्ण म्हणायला मला तोंड नाही.

दत्ताजवळ बसायला मी निघाले. तू नीट जा, बाई.