ओवाळणीतला ड्रम

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तसं तिच्यापासून माझं काही लपत नाही — बिडी सोडल्याची थाप तिने वासावरून लगेच पकडली होती — पण हे मात्र तोंडातून निघालं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं कदाचित जमेल. बघतो.

माझी थोरली बहीण, सुलूताई, पेणच्या खारेपाटात दिलेली. दाजी मिठागरावर कामाला. खारेपाट म्हणजे चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही. जमीन खणावी तर खारं लागतं. नळाला पाणी आलं तर आलं, टँकर आला तर आला. आलं की पातेली, कळशा, हंडे, सगळं भरून ठेवायचं. तिकडे मुलगी देताना घर बघू नये, पाणी साठवायला काय आहे ते बघावं, असं आम्ही ताईला चिडवायचो. तीही हसायची. पण डोक्यावर हंडे वाहून तिची मान कायम दुखायची.

मी रोह्याशेजारच्या अष्टमी गावात राहतो. तिथल्याच एका कंपनीत ऑपरेटर होतो, आता निवृत्त झालोय. शेतीची औषधं बनायची तिथे. औषधं म्हणायचं आपलं — कीड मारायचं विष. माल निळ्या प्लॅस्टिकच्या ड्रममधून यायचा. ड्रम रिकामा झाला की तो पहारीनं भोसकून मगच भंगारात टाकायचा, असा नियम होता. का भोसकायचा? कारण धड ड्रम दिसला की कुणीतरी तो पाण्याला नेतं. हे आम्हाला सांगितलेलं होतं, एकदा नव्हे, अनेकदा. मला माहीत होतं. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मलाच पळवाट राहणार नाही.

एका भाऊबीजेला मनात आलं, दरवर्षी तीच साडी काय द्यायची? मी एक ड्रम भोसकला नाही. गेटवर ओळख होती, तो बाहेर काढला. त्यावर विषाची खूण असलेलं लाल त्रिकोणाचं लेबल होतं, ते घरी ब्लेडनं खरवडलं. आतून पाइपानं एकदा पाणी मारलं. एकदाच. आणि ओळखीच्या टेम्पोत टाकून पेणच्या रस्त्याला लागलो.

काय खूश झाली ती! शेजारणी बघून गेल्या. ताईनं ड्रमाला हळदकुंकू लावलं, मग झाकण काढून आत डोकावली आणि नाक मुरडलं.

"वास येतोय रे याला."

"नाय गो ताय. सोड्यानं तीनदा धुवून आणलाय मी."

असं अगदी सहज बोललो मी. खोटं बोलताना माणसाची जीभ अडखळते म्हणतात — माझी नाही अडखळली. तिने तरी चिंच लावून, राखेनं घासून, उन्हात ठेवून तो पुन्हा धुतला. मग भरला. सगळं घर त्यातलं पाणी प्यायलं, आणि दिवसभर घरात असायची ती सगळ्यात जास्त.

मी नाही प्यायलो.

हेच सांगायचं होतं — इथवर यायला एवढा वेळ लागला. बहिणीच्या दारात गेलं की आधी पाण्याचा तांब्या समोर येतो. मी दरवेळी म्हणायचो, आत्ताच पिऊन आलो. घसा बसलाय. उन्हातून आलोय, लगेच नको. तांब्या तसाच परत जायचा. परतीच्या वाटेवर गडब गावच्या एका टपरीपाशी गाडी थांबवून डिकीतली बाटली काढायचो आणि घटाघटा प्यायचो. तिच्याकडचा भात खायचो, कालवण खायचो — ते काय वेगळ्या पाण्यात शिजलं होतं? म्हणजे माझी भीतीसुद्धा धड नव्हती. पण नुसतं पाणी ओठांशी न्यायची माझी हिंमत नव्हती. ज्या पाण्याला मी भीत होतो, ते ती रोज पीत होती, आणि मी तिच्यासमोर बसून गप्पा मारत होतो.

काही वर्षांनी ती एकदा म्हणाली, आता वास गेला पाण्याचा. केवढं हलकं वाटलं मला! जाता जाता परसातल्या मोरीत शिरलो, ड्रमाचं झाकण उचललं आणि वाकून वास घेतला. वास होता. ऊन लागून ड्रम तापला होता आणि वास चांगला जाणवत होता. मग ताईला कसा येत नाही? क्षणभर हा प्रश्न आला होता मनात. मी झाकण लावलं आणि बाहेर येऊन दाजींशी मिठाच्या भावावर बोलत बसलो.

त्याच वर्षी थंडीत त्यांच्या शेतावर पोपटी लावली होती. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, चिकन, वर भांबुर्ड्याचा पाला. जाळ विझला, मडकं फोडलं, आणि त्या पाल्याचा वास असा सुटला की पोरं नाचायला लागली. ताई म्हणाली, "यंदा भांबुर्ड्याला वासच नाय." सगळे हसले. दाजी म्हणाले, म्हातारीचं नाक गेलं कामातून. मीही हसलो. ती तेव्हा काही म्हातारी नव्हती.

हाताचं पुढे लक्षात आलं, तेही भाऊबीजेलाच. मी पाटावर बसलो होतो, ताई ओवाळत होती, आणि तबकातली सुपारी सारखी वाजत होती. मला वाटलं, थट्टा करतेय. वर पाहिलं तर ती आपल्याच उजव्या हाताकडे बघत होती, दुसऱ्या कुणाचा असावा तशी.

पेणच्या डॉक्टरांनी मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. बरोबर मीच गेलो — कंपनीतला भाऊ, चार इंग्रजी शब्द कळणारा. पार्किन्सन निघाला. डॉक्टरांनी बरंच विचारलं. घरात आणखी कुणाला? डोक्याला कधी मार? वास यायचा कधीपासून बंद झाला? विहिरीचं पाणी पिता का? फवारणीची औषधं, रसायनं, अशा कशाशी रोजचा संबंध? ताई आठवत होती. ती काही बोलायच्या आत मी म्हणालो, "नाही हो, नळाचं पाणी. मिठागरावरची माणसं, कसली फवारणी?" डॉक्टरांनी लिहून घेतलं.

निघताना मी त्यांना एकट्यानं गाठून विचारलं, हे नेमकं कशानं होतं? ते म्हणाले, एका माणसापुरतं तसं बोट ठेवता येत नाही. वय असतं, रक्तातलं असतं, काही कीटकनाशकांशी आणि रसायनांशी संबंध दिसतो, पण तुमच्या बहिणीला कशानं झालं ते कुणीच छातीठोक सांगू शकणार नाही. हे वाक्य मी घरी घेऊन आलो आणि जपून ठेवलं. कुणीच सांगू शकणार नाही! किती आधार होता त्याचा. पण डॉक्टरांना ड्रम कुठे माहीत होता? मी तो त्यांच्यापर्यंत जाऊच दिला नव्हता.

याहूनही वाईट एक आहे. शेजारपाजारच्या बायकांनी ताईच्या डोक्यात भरवलं की सुकी मासळी खाऊन हे झालं. ताईला सुकट म्हणजे जीव की प्राण — भाकरी आणि सुकटीची चटणी असली की तिला सणासुदीचं काही लागायचं नाही. तिने मला विचारलं, "खरं असंल का रे? लय खाल्ली मी. माझ्याच जिभेनं केलं म्हणायचं." डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं की गोळी आणि मासळी एका वेळी नको, मध्ये अंतर ठेवा. ते मला ठाऊक होतं. आणि मी म्हणालो, "असेल, ताय." तिने सुकट सोडली, ती कायमची. मी तिथे होतो, तिचं जेवण बघत होतो. आजही तिची सून सुकट भाजते तेव्हा ताई ओटीवर जाऊन बसते. वास तर तिला येतच नाही — मग कशाला जाते? मी विचारलेलं नाही.

नंतर मी त्यांच्याकडे नवी काळी टाकी बसवून दिली. लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा. ड्रम मी अष्टमीला परत आणला आणि घरामागे पहारीनं भोसकला, नियमाप्रमाणे. ताई बरेच दिवस हळहळत होती — चांगला होता रे, तुझ्या ओवाळणीतला.

गेल्या भाऊबीजेला सुनेनं तिचा हात धरून मला ओवाळलं. मग ताई हट्टानं स्वतः उठली, पाय घासत आत गेली आणि पाणी घेऊन आली. निम्मं वाटेत सांडलं. मी पेला घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. नव्या टाकीचं पाणी ते, पिण्यात कसली हिंमत लागणार होती!

ताई बघत राहिली. मग तिचे डोळे भरले. आवाज आता फार बारीक झालाय तिचा, मला वाकून ऐकावं लागलं.

"इतकी वर्षं नाय प्यायलास कधी. मना वाटायचं, गरिबाघरचं पाणी तुला चालत नाय. पोरांना म्हणायची, मामाचा घसा नाजूक हाय. आज बरं वाटलं रे."

मी रिकामा पेला तिच्या हातात दिला. ती म्हणाली, अजून आणू? मी म्हणालो, आण.